पोकळ आवाज

चव्वेचाळीस किलो कोरडे, पांढरे दगड.
दुकानदार म्हणाला, कुठल्याशा आटलेल्या समुद्राचे.
गेल्झेनकिर्शनला समुद्र नाही.
कालवा आहे, आणि खाणीच्या मातीच्या टेकाडावर
आपसूक उगवलेले बर्च.

खोक्यात हात घालून मी एकेक उचलतो,
बोटाच्या पेराने ठोकतो.
भरीव वाजला की परत.
पोकळ वाजला की घेतो.

माझ्या हाताला हे सोपं नाही.
एकतीस वर्षं, नऊशे मीटर खाली,
हाच हात लोखंडी कांबीने छत ठोकायचा.
तिथे भरीव म्हणजे: बस, डबा उघड, पाव खा.
पोकळ म्हणजे: पळ.
डबा सोड, अवजार सोड, पळ.
ओट्टोकार मुकादमाने शिकवलं होतं.
एका मंगळवारी त्याला स्वतःला पळता आलं नाही.

अजूनही चांगला दगड हाती लागला
की माझे पाय आधी दाराकडे वळतात.

बरोबर नुरेत्तिन होता, माझ्याच पाळीतला.
त्याने एक गुळगुळीत धोंडा निवडला: हा बघ, किती देखणा!
देखणा आहे, म्हटलं, पण मठ्ठ आहे.
आत कुणाला बिऱ्हाड करू देणार नाही.

तळघरात व्हिनेगर ओतलं, दगड फसफसले.
एकाच्या पोटात गंजाची रेघ निघाली,
तो गेला बाहेर, गुलाबाच्या मुळाशी.
बाकीच्यांची भोकं जुन्या टूथब्रशने घासली,
धुतले, पुन्हा धुतले,
मग मिठाच्या पाण्यात, मोठ्या पिंपात, झाकण लावून.
उजेड नको. उजेड दिसला की शेवाळ धावत येतं.
अंधार कसा सांभाळायचा ते मला शिकवू नका.

तिसऱ्या दिवशी जिन्यावरून रोस्विथा ओरडली:
खाली कोण मेलंय?
पुष्कळ जण, म्हटलं. फार पूर्वी. आत्ता कुठे बाहेर पडतायत.

दर रविवारी नळीत पाणी घेऊन थेंब मोजतो.
हिरवं झालं तर विष आहे,
पिवळं राहिलं तर नाही.
सात रविवार हिरवे गेले.
मासा नाही, प्रवाळ नाही;
पावलिट्स्कीने दगड पाळलेत, असं गल्लीत म्हणतात.
म्हणू देत. दगडाला रोज विचारपूस लागते.

रात्री पिंपातला पंप घुरघुरतो.
त्याच्याही खाली, फार खाली, दुसरे पंप चालू असतात,
बंद खाणींचं पाणी उपसत.
ते थांबले तर हा मुलूख हळूहळू तळं होईल.
तेही पाणी खारट. मी चाखलंय.
कोळसा वर आणला आम्ही, पोकळी तिथेच ठेवली;
माझ्या स्वयंपाकघराची भिंत तिच्याकडे कलली आहे.

आठव्या रविवारी पिवळं.

रचायला नुरेत्तिन आला, बाह्या सरसावून.
वाळूवर नाही, थेट काचेच्या तळावर.
वाळू उकरणारा मासा खालून बोगदा काढतो
आणि वरचं सगळं बसतं.
हे त्याला सांगावं लागलं नाही.
प्रत्येक दगड तीन ठिकाणी टेकवला,
हलवून पाहिला, काढला, फिरवला.
मागे पाणी खेळायला वाट ठेवली,
मधे एक गुहा, त्याच्या मुठीएवढी.
चार तास आम्ही चार वाक्यं बोललो असू.

शेवटी त्याने विचारलं, आता मासे?
घाई नाही, म्हटलं. दगडात वस्ती होऊ दे.

काचेला कान लावला.
ऐकू काय येणार, पंपच.
तरी मान वळवून आम्ही दोघांनी
एकदा छताकडे पाहून घेतलं.